ट्रेडमार्कच्या नावाखाली पैसेही गेले, अर्जही बुडाला

ट्रेडमार्क रजिस्ट्री, म्हणजे मालाच्या नावाची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय, गोव्यात नाही. आपले अर्ज मुंबईच्या रजिस्ट्रीकडे, अँटॉप हिलला जातात. म्हणूनच 'मुंबईत माझी माणसं आहेत' असं सांगणाऱ्या कन्सल्टंटांचं इथे फावतं. मला भेटला तो त्यांतलाच.

फोंड्याला घरीच मी आगळ (कोकमाचा दाट रस), सोलां (वाळवलेली कोकमं) आणि मिस्कूट (कैरीचं लोणचं) करून विकते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माझ्या बाटल्या नावाने मागतात. तेच नाव दुसऱ्या कुणीतरी बाटलीवर लावलेलं दिसलं, तेव्हा नोंदणी करायचं ठरवलं. ओळखीतून हा गृहस्थ घरी आला. वहिनी, वहिनी करत गोड बोलला आणि हिशेब मांडला: सरकारी फी 9,000, त्याचे 3,000. प्रत्यक्षात स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करणाऱ्याला एका वर्गाची, म्हणजे मालाच्या एका प्रकाराची, फी 4,500 आहे. 9,000 लागतात ते लहान उद्योग आणि स्टार्टअप सोडून बाकीच्या कंपन्यांना.

पुढे 'जर्नलमध्ये', म्हणजे रजिस्ट्रीच्या सरकारी पत्रिकेत, 'छापायची फी' म्हणून 3,500 गेले, मग 'सर्टिफिकेटचे' 2,000. अशी कुठलीच फी नसते. एकदा अर्जाचे पैसे भरले की तपासणी, जर्नलमधली प्रसिद्धी आणि शेवटी प्रमाणपत्र, सगळं त्यातच येतं. वेगळे पैसे लागतात ते दहा वर्षांनी, नूतनीकरणाला.

त्या 2,000 चं जे हातात पडलं ते पाहण्यासारखं होतं. जाड कागद, सोनेरी किनार, वर अशोकस्तंभ, लॅमिनेशन. मजकूर मात्र अर्ज मिळाल्याच्या पावतीचा. 'सर्टिफिकेट' हा मथळा त्याने आपल्या मनाने चढवलेला. वर सल्ला असा की, लेबलावर आता गोलातला आर छापा. तो आर नोंदणी झाल्यावरच छापता येतो, तोवर नुसतं टीएम. छापून आलेली लेबलं रद्दीत गेली.

मडगावच्या एका दुकानदाराने माल ठेवण्याआधी प्रमाणपत्राची प्रत मागितली. त्याच्या मुलाने तिथल्या तिथे सरकारी संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकला. स्टेटस: 'अबँडन्ड'. म्हणजे अर्ज सोडून दिलेला! रजिस्ट्रीने तपासणी अहवाल पाठवून हरकत कळवली होती. त्याला एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. पण अर्जात पत्ता आणि ईमेल या गृहस्थाचा, त्यामुळे पत्र त्याच्याकडे आलं आणि तिथेच राहिलं.

मग त्या मुलाने मूळ अर्जच उघडून दाखवला. वर्ग 30, म्हणजे चहा-कॉफी, मसाले. लोणचं येतं 29 मध्ये, सरबताचे अर्क 32 मध्ये. म्हणजे माझा मालच त्यात नव्हता. आणि खाली 'वापर केव्हापासून' या रकान्यात लिहिलेलं: 'प्रपोज्ड टू बी यूज्ड'. पुढे कधीतरी वापरणार! इतकी वर्षं मी हे नाव बाटलीवर चिकटवून बाजारात बसतेय, आणि माझ्याच अर्जात मी अजून सुरुवातच केलेली नाही. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं, कारण नावावरून वाद झाला की आधी वापरणाऱ्याचा हक्क मोठा असतो. जुना वापर सांगायचा तर सोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. ती मेहनत नको म्हणून त्याने सोपी ओळ टाकली असणार.

रजिस्ट्रीकडे नोंदलेल्या ट्रेडमार्क एजंटांची यादी संकेतस्थळावर आहे. त्यात याचं नाव नव्हतं.

आता नवा अर्ज एका वकिलीणबाईंकडून केलाय, 29 आणि 32 दोन्ही वर्गांत. ईमेल माझा. छापखान्याची जुनी बिलं, पहिली लेबलं, बाजारातले तारखेचे फोटो, सगळं प्रतिज्ञापत्राला जोडलं. दाखल करण्याआधी अर्ज मी ओळ न् ओळ वाचून घेतला, बाईंनीही कुरकुर केली नाही. अर्जातली माहिती सगळ्यांना दिसते, त्यामुळे लगेच अनोळखी फोन सुरू झाले: 'मॅडम, ऑब्जेक्शन आलंय, आजच्या आज क्यूआरवर पैसे टाका.' अशा वेळी फोन ठेवून स्टेटस बघायचं. खरी हरकत असली तर तिचा अहवाल तिथेच वाचायला मिळतो, आणि सरकारी फी पोर्टलवरच भरली जाते, कुणाच्या मोबाइलवर नाही.

त्या गृहस्थाचा फोन बंद आहे. त्याला पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि ते लॅमिनेट केलेलं 'सर्टिफिकेट' जोडून पोलिसांत तक्रार दिलीय. ग्राहक आयोगातही जाणार आहे. त्याने कुणाला असाच कागद दिला असेल तर त्यावरचा अर्ज क्रमांक आजच तपासा. हरकतीच्या उत्तराची मुदत कदाचित अजून उरली असेल.