आभारकार्डांचा संच: नाटकाच्या रंगपटात (मेकअपच्या खोलीत) कितपत चालतो?

हातकागदाची ४ बाय ६ इंची कोरी कार्डं, सोबत पाकिटं, २५ चा संच. ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाला किंवा शंभराव्या प्रयोगाला द्यायला देखणी. कागद जाड, पण शाई पितो. फाउंटन पेनची अक्षरं फुटतात, बॉलपेनच घ्या. रंगपटात लिहायला बसू नका, कोल्ड क्रीमचं बोट लागलं की डाग आरपार. पावसाळ्यात पाकिटांचा गोंद आपोआप चिकटतो, मध्ये बटर पेपर ठेवावा.

आकार मात्र नेमका. तीन-चार ओळींपलीकडे जागा नाही, आणि तेवढंच हवं. ‘खूप खूप धन्यवाद’ लिहून कार्ड वाया घालवू नये. ‘ब्लॅकआउट सात सेकंदांचा, तरी खुर्ची रोज खुणेवर’ असं अंधारातलं नेमकं काम लिहिलं की नेपथ्यवाल्याला ते पोचतं. द्यायचं प्रयोगानंतर, सेट टेम्पोत चढायच्या आधी. तिसऱ्या घंटेच्या तोंडावर नव्हे. नाइटच्या, म्हणजे प्रयोगाच्या मानधनाच्या, पाकिटात तर मुळीच नको, पैशांसोबत ते पावतीसारखं वाटतं.

आणि हो, इस्त्रीवाला, पडदा ओढणारा, टेम्पोचालक धरून नावं मोजा. मोठ्या नाटकाला एक संच पुरत नाही.