आयएमपीडीएच : पहिला प्रकार घ्यावा की दुसरा?

ग्वानीन न्यूक्लिओटाइड (डीएनए-आरएनएचे घटक) बनवण्यासाठी पेशीला आयएमपी या रेणूचे आधी एक्सएमपी या रेणूत रूपांतर करावे लागते. हे काम आयएमपी डिहायड्रोजनेज (आयएमपीडीएच) हे विकर, म्हणजे एन्झाइम, करते. माणसात त्याचे दोन प्रकार आहेत; प्रयोगशाळेतल्या चाचणीसाठी कोणता घ्यावा, हा प्रश्न. दोन्हींचे नेहमीचे रूप ५१४ अमिनो आम्लांचे, क्रम सुमारे ८४ टक्के सारखा. मानवी जनुक ई. कोलाय या जिवाणूमध्ये घालून दोन्ही मिळवता येतात. मोजमापही एकच: या क्रियेत तयार होणारा एनएडीएच हा रेणू ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशात किती शोषण करतो ते वाचायचे.

प्रत्यारोपणानंतर देतात त्या मायकोफेनोलेटसारख्या औषधावर काम असेल, तर माझ्या मते दुसराच प्रकार घ्यावा. वेगाने विभागणाऱ्या लिम्फोसाइटमध्ये (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींत) तोच वाढतो आणि या औषधाचे सक्रिय रूप, मायकोफेनोलिक आम्ल, त्याला पहिल्यापेक्षा सुमारे पाचपट जोराने रोखते.

पहिल्या प्रकाराची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. दृष्टिपटलात हाच प्रमुख असतो. त्याच्या जनुकातील बदलांमुळे रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्याचा आजार होतो, हळूहळू दृष्टी जाते. पण डी२२६एन हा बदल (२२६व्या जागी वेगळे अमिनो आम्ल) असलेले विकर नेहमीच्याच वेगाने काम करते! नुसता वेग मोजणाऱ्याला त्यात दोष दिसणारच नाही. असे अनेक बदल विकराच्या नियामक भागात आहेत आणि त्यातल्या बऱ्याच बदलांत जीटीपीचा, म्हणजे विकराला आवर घालणाऱ्या ग्वानीन न्यूक्लिओटाइडचा, लगाम सैल पडतो. म्हणून चाचणीत जीटीपी घालायलाच हवे. शिवाय दृष्टिपटलात या प्रकाराची ५४६ आणि ५९५ अमिनो आम्लांची लांब रूपे असतात. डोळ्याच्या आजारावर काम करणाऱ्याने ५१४चे प्रथिन मागवून समाधान मानू नये.