आळत्याचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर : बालवाडीच्या बाईंचा अनुभव

मी कोल्हापुरात कसबा बावड्यात बालवाडीत शिकवते. माझ्या मोठ्या गटातल्या बऱ्याच मुलांच्या घरी बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो शेजारी शेजारी असतो. माझ्या माहेरी किंवा सासरी तो नव्हता. आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी मी वर्गात तक्ता दाखवून बुद्धाची मला येत होती तेवढीच गोष्ट सांगितली. म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसलं, संन्यासी दिसला आणि राजपुत्र सिद्धार्थ रात्री बायको-बाळ झोपेत असताना घर सोडून गेला. एक पोरगी उठून म्हणाली, "बाई, त्याचं बाळ उठल्यावर रडलं नसंल?" मला उत्तर देता आलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत मी धम्मालय या विपश्यना केंद्राच्या शिबिराचा अर्ज भरला.

धम्मालय हातकणंगले तालुक्यात आळत्याजवळ, रामलिंगच्या रस्त्याला आहे. नाव ऑनलाइन नोंदवायचं. राहणं, जेवण, शिकवणं, कशाचेही पैसे घेत नाहीत. दान द्यायचं तर शिबिर पुरं झाल्यावरच. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला बैठक. सकाळी अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नवीन साधकांना चहा आणि थोडं खाणं, रात्रीचं जेवण नाही. मोबाईल जमा करायचा. वाचन-लेखनही बंद, आणि टाचण काढायची सवय असलेल्या मला हे सगळ्यात जड गेलं. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्यमौन, म्हणजे इतर साधकांशी बोलणं नाही, खुणाही नाहीत. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना नुसत्या बघत राहणं, चौथ्या दिवशी देतात. त्यानंतर रोज तीन वेळा तासभर न हलता बसायचं. गुडघ्याचं दुखणं असेल तर आधीच सांगावं, खुर्ची मिळते.

संध्याकाळी सत्यनारायण गोयंकांचं ध्वनिमुद्रित प्रवचन असतं. ते ब्रह्मदेशात वाढले, तिथं सयाजी ऊ बा खिन या गुरूंकडे शिकले आणि १९६९ मध्ये ही साधना घेऊन भारतात आले. बोलणं घरातल्या वडीलधाऱ्यासारखं. त्यांनी सांगितलेली खिरीची गोष्ट मी विसरणार नाही. जन्मांध मुलाला त्याचा सोबती खिरीचं वर्णन करतो. पांढरी म्हणजे कशी? बगळ्यासारखी. बगळा कसा? सोबती हात वाकडा करून त्याच्या हातात देतो, तो चाचपून मुलगा म्हणतो, अरे बापरे, खीर फारच वाकडी! मला माझा तक्ता आणि चार दृश्यांची ती गोष्ट आठवली. मी पोरांना वाकडी खीर वाढली होती.

पहिल्याच दिवशी पंचशील घेतात. हिंसा, चोरी, नशा यांचं मला काही वाटलं नाही. खोटं न बोलण्याचं मात्र सहाव्या दिवशी, डोळे मिटून बसले असताना अंगावर आलं. जूनमध्ये रडणाऱ्या पोराला "आई आत्ता येत्या बघ" म्हणणारी मीच. डबा संपवला नाही तर पोलीसमामा नेतील, हेही माझंच. दहा दिवस तोंड बंद होतं म्हणून मला ती वाक्यं स्वतःच्या आवाजात ऐकू आली. माझ्यासाठी या शिबिराचं मोल एवढ्यातच आहे, आणि ते फार मोठं आहे.

बुद्धाचं चरित्र, जातककथा, वर्गात घ्यायचे उपक्रम हवे असतील तर हे ते ठिकाण नाही. तिथं साधना शिकवतात. मुलांची आनापानाची, म्हणजे श्वास बघण्याची, शिबिरं वेगळी असतात, पण ती साधारण आठ वर्षांच्या पुढं. माझी पोरं त्याहून लहान. आणि आपल्या भागात बुद्ध बहुतेक घरांत आला तो बाबासाहेबांच्या हातून. शाहू महाराजांच्या साक्षीनं बाबासाहेबांची १९२० ची बहिष्कृतांची परिषद जिथं झाली ते माणगाव याच तालुक्यातलं. ती वाट शिबिरात भेटत नाही, ती वाचावी लागते. घरी आल्यावर मी बाबासाहेबांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायला घेतलं. चार दृश्यांमुळं घर सोडलं हे बाबासाहेबांना पटत नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा, आजारी बघितलाच नसेल? ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य, म्हणजे सिद्धार्थचे लोक, आणि शेजारचे कोलिय यांच्यात झालेलं भांडण सांगतात. सिद्धार्थ युद्धाला नाही म्हणाला, दोन्हीकडचे पंच नेमा म्हणाला. शाक्यांच्या संघानं, म्हणजे त्यांच्या सभेनं, ऐकलं नाही, म्हणून त्यानं देश सोडला. पाण्याच्या पाळीवरून बांधावर होणारी भांडणं आमच्या पोरांनी पाहिलेली आहेत. ही गोष्ट त्यांना एका दमात कळली.

बाळाचं उत्तर त्रिपिटकात, म्हणजे बौद्धांच्या मूळ ग्रंथांत, सापडलं, त्यातल्या मज्झिम निकाय या भागात. ते बाळ म्हणजे राहुल, पुढं वडिलांकडेच शिकायला गेला. बुद्धानं भांड्यात थोडंसं पाणी ठेवलं आणि लहानग्या राहुलला विचारलं, दिसतंय का? जाणूनबुजून खोटं बोलायला ज्याला लाज वाटत नाही, त्याच्यातलं साधुत्व एवढंसंच. मग ते पाणी फेकलं, भांडं उपडं केलं, पुन्हा सरळ करून रिकामं दाखवलं. दरवेळी एकच प्रश्न, दिसतंय का? इतका चांगला पाठ मी आजवर घेतलेला नाही.

जूनमध्ये तांब्या घेऊन वर्गात तसाच पाठ केला. त्याच आठवड्यात लहान गटातला एक जण दाराला धरून रडत होता, आई कवा येणार म्हणून. मी त्याला घड्याळापाशी नेलं आणि छोटा काटा बारावर गेला की येईल असं सांगितलं. तो तासभर रडला, मी शेजारी बसून राहिले. साडेअकरापासून तो घड्याळाखालीच बसला होता. बाराला आई आली तेव्हा त्यानं आधी काट्याकडं बघितलं, मग तिच्याकडं पळाला.