बफ ऑर्पिंग्टन कोंबड्या आणि ऑनलाइन घेतलेलं "सहा कोंबड्यांचं" लाकडी खुराडं, तीन वर्षांनंतर

रिव्ह्यू खुराड्याचा आहे पण कोंबड्यांबद्दल बोलल्याशिवाय तो लिहिता येणार नाही, कारण हेच खुराडं एखाद्या हलक्या चपळ जातीला कदाचित चाललं असतं, ऑर्पिंग्टनला ते अजिबात चालत नाही आणि विकताना हे कोणी सांगत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, अशीच खुराडी दहा वेगवेगळ्या नावांनी विकतात, फोटो बघितला की लगेच ओळखाल.

आम्ही इंग्लंडमधल्या केंटमध्ये डार्टफर्डला राहतो. ऑर्पिंग्टन गाव इथून गाडीने अर्धा तास पण लागत नाही, आणि ही जात त्याच गावची. विल्यम कुक नावाच्या माणसाने 1886 मध्ये मिनोर्का, लँगशॅन आणि प्लायमाउथ रॉक अशा तिन्ही जातींचा संकर करून आधी काळी ऑर्पिंग्टन काढली, काळी अशासाठी की लंडनच्या धुराची काजळी पिसांवर दिसू नये, आणि मग 1894 मध्ये बफ आली, म्हणजे पिकल्या गव्हाच्या रंगाची. एप्रिल 2022 मध्ये आम्ही एका घरगुती पाळणाऱ्याकडून तीन तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आणल्या, हळदी, केशर आणि शेवंती. माझ्या आजीकडे चिपळूणला परसात गावठी कोंबड्या होत्या, त्या भिंतीवरून उडायच्या, पकडायला गेलं की अंगणभर पळवायच्या. या तिघी आल्या आल्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या पायावर येऊन बसायला लागल्या. शेवंतीला मांडीवर घेतलं की हाताची बोटं पहिल्या पेरापर्यंत पिसात बुडतात आणि आत अंग गरम लागतं, ती डोळे मिटून घशातल्या घशात बारीक आवाज काढत राहते. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती, शाळेतून आली की दप्तर टाकून आधी बागेत. लळ्यासाठी म्हणून पाळायची कोंबडी हवी असेल तर मी डोळे झाकून ऑर्पिंग्टन सांगेन.

आता खुराडं. जाहिरातीत "सहा कोंबड्यांसाठी" लिहिलेलं, 190 पाउंड, दोन खोक्यांत आलं. दोन तासात जोडून झालं, दिसायला गोड. पहिली संध्याकाळ झाली आणि हळदी दारात अडकली. म्हणजे अडकली असं नाही पण अंग तिरकं करून, एक पंख घासत, शेवटी आत घुसली. मी टेप लावून मोजलं, दार 20 सेंटिमीटर रुंद. पूर्ण वाढलेली ऑर्पिंग्टन तीन साडेतीन किलोची असते आणि वर पिसांचा एवढा पसारा की तिला 30 सेंटिमीटरचं दार तरी हवंच. आत बसायच्या दोन दांड्या, प्रत्येकी 70 सेंटिमीटर, म्हणजे कंपनीच्या हिशोबाने एका दांडीवर तीन कोंबड्या. आमच्या दोघी बसल्या की तिसरीला जागा नाही. आणि दांडी अगदी बारीक, चौकोनी, कडा धारदार, जमिनीपासून उंच. ऑर्पिंग्टन उडत नाही, ती उतरते म्हणजे धपकन पडतेच. ऑगस्टमध्ये केशर लंगडायला लागली, उचलून पाय बघितला तर तळव्याला गाठ आणि मधोमध काळी खपली. याला इथे बंबलफूट म्हणतात, वजनदार कोंबडी उंचावरून उड्या मारत राहिली की पायाच्या गादीला जखम होऊन आत जंतू जातात. महिनाभर पट्टी बदलत होतो.

अंडी घालायचा कप्पा दांडीपेक्षा वर होता, ही चूक तर नवशिक्याला कळतच नाही. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा शोधते, त्यामुळे तिघी कप्प्यातच झोपायच्या आणि सकाळी अंडी शिटेत माखलेली. नवऱ्याने सुतारकाम करून दांड्या खाली घेतल्या आणि कप्पा त्यांच्याही खाली आणला, 5 सेंटिमीटर रुंद पट्टी कडा गोल करून बसवली, तेव्हा कुठे कप्पा स्वच्छ राहायला लागला.

त्याच उन्हाळ्यात 19 जुलैला इथे पहिल्यांदाच पारा 40 च्या वर गेला. छपरावर काळं फेल्ट (डांबर लावलेला जाड कागद), हवा जायला मागच्या बाजूला चार भोकं, दुपारी हात आत घातला तर भट्टी. तिघी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकत होत्या, आम्ही उथळ ट्रेमध्ये पाणी भरून त्यांना पाय बुडवून उभं केलं, झाडाखाली ओल्या मातीत खड्डा करून दिला. पुण्या-नागपूरकडच्या मैत्रिणी फोटो बघून ही जात कुठे मिळेल विचारतात, त्यांना माझं हेच सांगणं, एवढ्या पिसांच्या कोंबडीला थंडी चालते, ऊन सोसत नाही.

पण खरा घात केला तो रेड माइट नावाच्या बारीक किड्यांनी. 2023 च्या जूनमध्ये संध्याकाळी तिघी आत जाईनात, दारापाशी उभ्या राहायच्या, ढकललं की परत बाहेर. अंडी कमी झाली. हळदीचा तुरा, जो एरवी लालभडक, तो फिका गुलाबी. आई तेव्हा आमच्याकडे आली होती, ती म्हणाली, "अगं, कोंबडी घरात जात नाही म्हणजे आत काहीतरी आहे, रात्री बघ." रात्री अकराला बॅटरी घेऊन गेलो, दांडीखालून पांढरा टिशू पेपर फिरवला आणि त्यावर लाल रेघाच रेघा. हे किडे दिवसा फटीत लपतात, रात्री बाहेर येऊन कोंबडीचं रक्त पितात. फेल्टचा कोपरा उचलला तर खाली राखाडी थर होता आणि तो हलत होता. ते दृश्य मी विसरू शकत नाही, एवढे दिवस आपण त्यांना रोज रात्री त्यात कोंडत होतो याचं मला फार वाईट वाटलं. फेल्ट काढलं, धुतलं, डायटोमेशियस अर्थ नावाची किडे मारायची पावडर मारली, आठ दिवसात परत तेच, कारण लाकडाच्या प्रत्येक जोडात फट होती. कंपनीला फोटो पाठवले तर उत्तर आलं की मापं मध्यम आकाराच्या कोंबडीसाठी आहेत आणि किडे वॉरंटीत येत नाहीत. बरं, मग जाहिरातीतल्या फोटोत बफ ऑर्पिंग्टन कशाला उभी केली आहे?

शेवटी आम्ही रिसायकल प्लास्टिकचं घर घेतलं. जवळजवळ तिप्पट किंमत, पण छप्पर आणि भिंती सुट्या होतात, पाइपने धुवून तासाभरात परत जोडतो. त्यातही माइट दिसले एकदा, पण लपायला जागा नाही त्यामुळे दोन धुण्यात गेले. जुन्याचं लाकूड जाळून टाकलं.

जाळीबद्दल एक सांगायचं राहिलं. सोबतच्या पिंजऱ्याला साधी षटकोनी जाळी होती, ती कोंबडीला आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. आमच्या गल्लीत रोज कोल्हा फिरतो. वेल्डमेश (वेल्ड केलेली जाड तारेची चौकोनी जाळी) लावा आणि बाहेरच्या बाजूला जमिनीवर हातभर पसरून दगड ठेवा, म्हणजे त्याला उकरता येत नाही. पिंजरा मोठा पाहिजे याचं दुसरं कारण म्हणजे बर्ड फ्लू. 7 नोव्हेंबर 2022 ते 18 एप्रिल 2023 इंग्लंडमध्ये सगळ्या पाळीव पक्ष्यांना आत ठेवायचा हुकूम होता. पाच महिने. त्या सव्वा मीटरच्या पिंजऱ्यात तीन ऑर्पिंग्टन पाच महिने ठेवणं म्हणजे छळ, आम्ही घाईघाईत छप्पर असलेला मोठा रन, म्हणजे फिरायचा जाळीचा पिंजरा, बांधला, आत कोरड्या मातीचा ढीग टाकला आणि कोबीचा गड्डा दोरीला टांगला. आणि ऑक्टोबर 2024 पासून इथे एक कोंबडी असली तरी सरकारी नोंदणी करावी लागते, ती फुकट आहे, लगेच करून टाका.

आईला एक गोष्ट अजून पटलेली नाही. उरलेली पोळी, भात कोंबड्यांना घालायचा नाही, इथे स्वयंपाकघरातून गेलेलं अन्न घालणं बेकायदा आहे, पाळीव असल्या तरी. तिच्या आयुष्यात कोंबडीला शिळी भाकरी कुस्करून घालणं हीच रीत. मग आम्ही तिला बागेत मेथीचा वाफा करून दिला, ती थेट वाफ्यातून जुडी उपटून नेते आणि तिघी तिच्या मागे धावतात, पिसांचा घागरा सावरत.

अंडी किती म्हणाल तर पहिल्या वर्षी तिघींची मिळून 430 च्या आसपास, फिकट तपकिरी. अंड्यांसाठीच घेणार असाल तर संकरित कोंबड्या दुप्पट घालतात. शिवाय या जरा ऊन पडलं की खुडूक होतात, म्हणजे अंडी उबवायला बसतात, केशर तर दर मे महिन्यात. कप्प्यात पसरून बसते, हात नेला की फुगून आवाज करते, खाणंपिणं सोडते. आजी डालग्याखाली झाकायची, मी खालून हवा लागेल अशा तारेच्या पिंजऱ्यात तीन दिवस ठेवते, बहुतेक वेळा उतरते. उन्हाळ्यात मागची पिसं कात्रीने कमी करा, शीट चिकटून राहिली की माश्या अंडी घालतात आणि ते जीवावर बेतू शकतं.

घर घेताना जाहिरातीतला "सहा" "आठ" आकडा बघूच नका. ज्याच्याकडून कोंबड्या घेणार त्याच्याकडे पूर्ण वाढलेली एखादी मादी उचलून बघा, टेप न्या, छातीची रुंदी मोजा आणि मग दाराचं, दांडीचं माप विचारा. आम्ही हे उलटं केलं आणि त्याची किंमत केशरच्या पायाने मोजली, ती अजूनही थंडीत डावा पाय जरा उचलून उभी राहते.