एक्सप्लोडबरोबर चवथ ते चवथ

म्हापशातल्या आमच्या ओळखीच्या नुस्तेंवाल्या (मासे विकणाऱ्या) मावशीसाठी गेल्या चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर) ऑर्डरचं वेबपान बांधलं. आज काय मिळणार, ते तिचा मुलगा सकाळी एका चौकटीत लिहितो: 'बांगडे, सुंगटं ,इसवण,'. या ओळीचा ॲरे, म्हणजे सुट्या तुकड्यांची क्रमवार यादी, करायला मी पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेचं एक्सप्लोड हे फंक्शन घेतलं.

कामाला ते चोख आहे. स्वल्पविराम दिसला की तोडतं, शहाणपणा करत नाही. शब्दांभोवतीची रिकामी जागा ट्रिमने काढली, शेवटच्या स्वल्पविरामानंतरचा पोकळ तुकडा वगळला, आठ महिने सुखात गेले.

1 जूनला यांत्रिक होड्यांची 61 दिवसांची पावसाळी मासेमारीबंदी लागली. चौकट रिकामी, तरी पान सांगतंय 'आज 1 प्रकार'. मावशी म्हणाली, "नुस्तें ना, मगीर हें एक खंयचें?" रिकाम्या स्ट्रिंगवर (मजकुरावर) एक्सप्लोड रिकामा ॲरे देत नाही, एक रिकामी स्ट्रिंग असलेला ॲरे देतं. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टचं स्प्लिटही तसंच. मी वगळायचो तो फक्त स्वल्पविरामानंतरचा शेवटचा तुकडा, आणि इथे स्वल्पविरामच नव्हता.

घाईत सगळीकडे रिकामे तुकडे गाळणारं ॲरे-फिल्टर लावलं, आणि तीच खरी चूक. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या, किलोंची ओळ आली '5,0,3'. काही सांगितलं नाही तर ॲरे-फिल्टर '0' सुद्धा गाळतं आणि उरलेल्यांचे जुने क्रमांक तसेच ठेवतं. मध्ये भोक पडल्यामुळे ब्राउझरकडे जाणाऱ्या जेसन मजकुरात ॲरेऐवजी ऑब्जेक्ट (नाव-किंमत जोड्यांचा) गेला, ॲरेवरच चालणारा ब्राउझरमधला मॅप अडखळला आणि पान पांढरं. तेही आयतवारी सकाळी, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळेला! आता गाळण्याला स्ट्रलेन (मजकुराची लांबी मोजणारं) दिलंय आणि मागून ॲरे-व्हॅल्यूज (क्रमांक नव्याने लावणारं).

लिमिटचीही (जास्तीत जास्त किती तुकडे, त्या आकड्याची) गंमत आहे. पीएचपीत तीन दिलं तर उरलेलं सगळं तिसऱ्या तुकड्यात राहतं. जावास्क्रिप्ट ते सरळ टाकून देतं. 'इसवण:2:काटे काढून:पातळ काप' यातले पातळ काप ब्राउझरकडे पोचलेच नाहीत, गिऱ्हाइकाला जाड तुकडे गेले. बोलणी मी खाल्ली.

सध्या माणसांनी लिहिलेलं, नमुना देऊन तोडणाऱ्या प्रेग-स्प्लिटकडे देतो: स्वल्पविराम, अर्धविराम, नवी ओळ, काहीही चालतं, आणि रिकामे तुकडे नकोत असं तिथेच सांगता येतं, शून्य सुरक्षित. अवतरणचिन्हात स्वल्पविराम येणारी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली ओळ) असेल तर स्ट्र-गेट-सीएसव्ही. एक्सप्लोड ठेवलंय, पण आम्हीच लिहिलेल्या ओळींपुरतं. पाचात चार गुण. कापलेला एक खरं तर माझाच.