डोंबिवलीहून मालवण, घरच्यांना घेऊन: गोवा हायवे, कोल्हापूर की सागरी रस्ता?

एप्रिल लागला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "या वेळी गाडी घेऊन गावाला जायचं म्हणतोय. तुम्ही कुठून जाता?" फोनवर दोन वाक्यांत सांगते खरी, पण समाधान होत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आमचं गाव मालवण तालुक्यात, कट्ट्याजवळ. गाडीत आम्ही पाच जण. मी आणि नवरा आलटून पालटून चालवतो. मागे सासूबाई, म्हणजे आमच्या आई, वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे दुखरे. त्यांच्या शेजारी नऊ वर्षांची मुलगी, जिला गाडी लागते. तिच्यापलीकडे चौदा वर्षांचा मुलगा, ज्याचे पाय आता कुठेच मावत नाहीत. तिन्ही रस्त्यांनी आम्ही गेलोय, काही अनेकदा. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: किलोमीटर मोजून रस्ता ठरवू नये, मागच्या सीटवर कोण बसलंय ते बघून ठरवावा.

गोवा हायवे

मुंबईकर चाकरमान्याचा हा हक्काचा रस्ता. पूर्वी एनएच १७, आता ६६. पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून वळलं की वडखळ, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, लांजा, राजापूर, खारेपाटण आणि मग आपला जिल्हा. नावं जपमाळेसारखी पाठ आहेत. अंतराने हाच सगळ्यात जवळचा, आमच्या दारापासून साडेचारशे किलोमीटरच्या थोडा पुढे. टोलही कोल्हापूरच्या मानाने फारच कमी.

चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चाललंय. मुलगा जन्मला त्याच्याही आधीपासून. त्यामुळे रस्ता एकसारखा नाही, तुकड्यातुकड्यांचा आहे. खारेपाटण ओलांडून सिंधुदुर्गात शिरलात की गाडी लोण्यावरून चालल्यासारखी जाते, कारण आमच्याकडचं काम सगळ्यात आधी झालं. कशेडी घाटातल्या सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्याने तर गाडी लागणाऱ्या मुलांच्या आयांवर उपकार केलेत. जुन्या घाटातली वळणं संपायला पाऊण तास जायचा, आणि तेवढ्यात आमची एक पिशवी हमखास भरायची. आता दहा मिनिटांत पलीकडे.

पण माणगाव! बाजारपेठेतूनच रस्ता जातो. सुट्टीच्या शनिवारी तिथे सापडलात तर दीड-दोन तास गेले समजा. गेल्या मे महिन्यात आम्ही सकाळी नऊला तिथे पोचलो, आणि नवाला पोचणं हीच चूक होती. गाडी पुढे सरकत नाही, उन्हामुळे एसी बंद करवत नाही, आणि आई एकदम गप्प. त्या गप्प झाल्या की मला धास्ती वाटते, कारण दुखत असलं तरी त्या सांगत नाहीत. वळून पाहिलं तर चप्पल काढून पाय मुलाच्या सॅकवर ठेवले होते, आणि घोट्यापाशी पैंजणाचा वळ खोल उमटला होता. पाय इतके सुजले होते. "आता जरा थांबय गो," एवढंच म्हणाल्या. थांबायचं कुठे? दोन्ही बाजूंनी गाड्या.

म्हणून या रस्त्याने जायचं तर घरातून पहाटे तीनला, फार तर साडेतीनला निघा. उजाडायच्या आत माणगाव मागे पडायला हवं. पाचला निघणारा आणि तीनला निघणारा यांच्या पोचण्यात दोन नाही, चार-पाच तासांचा फरक पडतो.

स्वच्छतागृहांचं स्पष्ट सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. कोलाड ते खेड या पट्ट्यात बायकांना निर्धास्त जाता येईल अशा जागा फार कमी आहेत. मोठे पेट्रोल पंप बरे, आणि तिथेही आत जाऊन आधी आपण बघून यायचं, मग म्हाताऱ्या माणसाला गाडीतून उतरवायचं. कमोड आहे की भारतीय पद्धतीचं, एवढं विचारायला लाजू नका. गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या प्रवासात तीच सगळ्यात मोठी गोष्ट असते. आई पूर्वी प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणीच कमी करायच्या. हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं.

महाडला सावित्रीचा पूल आला की आई हात जोडतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात जुना पूल गेला आणि त्याबरोबर दोन एसट्या गेल्या. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. आमच्या गाडीत त्या पुलावर रेडिओ बंद असतो, न सांगता.

कोल्हापूरमार्गे

एक्सप्रेसवेने पुणे, बाह्यवळणाने कात्रज, मग सातारा, कराड, कोल्हापूर, आणि तिथून घाट उतरून खाली. पन्नास-साठ किलोमीटर जास्त पडतात. टोल मात्र सारखे येतच राहतात: खालापूर, तळेगाव, खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. फास्टॅगमध्ये पैसे भरून ठेवा. डिझेल धरून गोवा हायवेपेक्षा खर्च बराच जास्त येतो, हे मान्य करूनच हा रस्ता धरावा.

तरीही आई बरोबर असतील तेव्हा आम्ही शक्यतो हाच धरतो. कारण एकच, थांबता येतं. फूडमॉल आहेत, मोठे ढाबे आहेत, पार्किंगपासून चार पावलांवर स्वच्छतागृह आहे. साताऱ्याला कंदी पेढे घ्यायच्या निमित्ताने आई दहा मिनिटं चालतात आणि गुडघे मोकळे होतात. दुपारी कोल्हापुरात जेवण. किती वाजता कुठे असू, याचा अंदाज बांधता येतो, आणि वय झालेल्या माणसाला औषधाच्या वेळा सांभाळायला तेच हवं असतं. सातारा ते कागल सहापदरीकरणामुळे अधूनमधून वळवलेला रस्ता लागतो, तेवढं धरून चाला.

एक काळजी घ्या. नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम असतो. कराडपासून पुढे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, आणि कित्येकांना मागे लाल दिवा तर सोडाच, चकाकणारी पट्टीसुद्धा नसते. अंधारात ऊस रस्त्याच्या रंगाचाच दिसतो. दिवाळीत जाणार असाल तर हा टप्पा उजेडी उरकायचा.

कोल्हापुरातून खाली उतरायचे आमच्या कामाचे घाट दोन. गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडी, तळेरे. किंवा राधानगरी, दाजीपूरवरून फोंडा घाटाने कणकवली. आंबोली आहे, पण तो सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या लोकांना सोयीचा. माझा कौल फोंड्याला. राधानगरी सोडली की दोन्ही बाजूंना दाट झाडी लागते, रहदारी विरळ होते, खिडक्या उघडता येतात. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं ते धरण मुलांना दाखवते. पाणी वाढलं की त्याचे सात दरवाजे आपोआप उघडतात, हे ऐकून मुलीचे प्रश्न घाट संपेपर्यंत संपत नाहीत, आणि प्रश्न चालू असले की तिला गाडी लागत नाही. दाजीपूर हे गव्यांचं अभयारण्य. संध्याकाळी गवा रस्त्यात उभा असू शकतो. हॉर्न वाजवू नका, दिवे मंद करा, थांबा, तो जातो.

घाट अर्धा उतरला की हवा बदलते. वर कोरडी आणि हलकी, खाली दमट आणि जड. कडेची माती लाल होते, पहिलं चिऱ्याचं कुंपण दिसतं. आई तेव्हा स्वतः बटण दाबून काच खाली करतात. एरवी त्या त्या बटणाला हात लावत नाहीत.

गाडी लागणाऱ्या मुलांसाठी चार अनुभवाच्या गोष्टी. घाटाच्या आधी तासभर पोटभर खायला द्यायचं नाही, पण उपाशीही ठेवायचं नाही. चुरमुरे, कोरडी पोळी चालते. मोबाइल बंद. मुलाला मधल्या जागेवर बसवून समोरचा रस्ता बघायला सांगायचा. आवळासुपारी किंवा आल्याची वडी हाताशी. आणि चालवणाऱ्याने वळणावर ब्रेक दाबण्याऐवजी वळणाच्या आधीच गिअर उतरवायचा. या शेवटच्या गोष्टीने आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक पडला. नवऱ्याला ते पटायला दोन वर्षं लागली, पण पटलं.

सागरी रस्ता

हा पोचण्याचा रस्ता नव्हे, ही सुट्टीच. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आंजर्ले, दाभोळ, गुहागर, जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, मग खाली देवगड, आचरा, मालवण. अंतर सांगण्यात अर्थ नाही, ताशी पंचवीस-तीसच्या वर सरासरी जात नाही. वाटेत दोन मुक्काम लागतातच, तीन केलेत तर उत्तम.

मध्ये खाड्या आडव्या येतात आणि गाडीसकट फेरीबोटीत चढायचं असतं. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, जयगड ते तवसाळ. मुंबईतूनच सुरुवात करायची तर भाऊच्या धक्क्याहून मांडव्यापर्यंतही गाडी बोटीने नेता येते.

दाभोळची आमची पहिली फेरी मला लख्ख आठवते. बोट धक्क्याला लागली, पुढची लोखंडी फळी साखळीचा खडखडाट करत खाली आली आणि ओल्या काँक्रीटवर टेकली. आधी मोटरसायकली भुर्रकन उतरल्या, मग एक टेम्पो, मग पाटी डोक्यावर घेतलेल्या दोन मावश्या सावकाश. आमची गाडी आत जाताना हातभर अंतरावरून बोटीवरचा मुलगा नुसत्या बोटांच्या खुणांनी नवऱ्याला सांगत होता: अजून, अजून, थोडी डावी, बस्स. गाडी उभी राहताच मुलं खाली उतरून कठड्याला लागली. समोर गुहागरचा डोंगर, पाण्यावर तेलाचा एक इंद्रधनुषी डाग, आणि इंजिनच्या थरथरीने सगळ्यांच्या पायाला गुदगुल्या. धोपाव्याला पोचायला फार वेळ लागला नाही, पण मुलगी त्या दिवशी गाडीत अजिबात आजारी पडली नाही. दर दोन तासांनी पाण्याच्या काठाशी उतरायला मिळालं तर पोट कशाला ढवळेल?

जेवणाची रीत इथे वेगळी. आयत्या वेळी हॉटेल शोधू नका. श्रीवर्धन, आंजर्ले, गुहागर या पट्ट्यात घरगुती खाणावळी आहेत, आणि त्यांना सकाळीच फोन करून सांगावं लागतं: किती माणसं, शाकाहारी किती, मासे कोणते चालतील. न सांगता दीडला दारात गेलात तर काकू हळहळतील, पण भात तेवढा नसतो. सांगून गेलात तर मोदकही मिळतात.

लहान बाळ किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर मात्र हा रस्ता नको. दवाखाने लांब, फोनची रेंज कधी आहे कधी नाही, रस्ता इतका अरुंद की समोरून एसटी आली तर मागे घ्यावं लागतं. आई एकदाच आल्या. बोट त्यांना आवडली, पण तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माका आता घर दाखव."

कधी काय नको

जुलै-ऑगस्टमध्ये लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन मी तिन्ही रस्ते टाळेन. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. त्याच दिवसांत, आणि त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्ये, कोल्हापूरजवळ शिरोलीला हायवेच बुडाला. पंचगंगा फुगली की गगनबावड्याचा रस्ताही बंद होतो. घाटात दरडी आणि धुकं. समुद्र खवळला की फेरी थांबते. त्या दिवसांत रेल्वेचं तिकीट मिळालं तर देवाचे आभार मानून तेच घ्यावं.

गणपतीची गोष्ट निराळी, तेव्हा जावंच लागतं. अलीकडे दरवर्षी सरकार कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोलमाफी देतं. त्यासाठीचा पास आरटीओ किंवा वाहतूक पोलिसांकडून आधी काढून ठेवा. पास असेल तर कोल्हापूरच्या रस्त्याचा खर्चाचा मुद्दाच उरत नाही. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत मी तरी गोवा हायवेला पाय लावणार नाही.

तुमचं गाव चिपळूण-रत्नागिरीच्या अलीकडे असेल तर कोल्हापूरचा विचारच करू नका, गोवा हायवे आणि पहाटे तीन. गाव राजापूरच्या पुढे असेल आणि घरात साठीपुढचं कुणी असेल तर कोल्हापूर. मुलं सात-आठ वर्षांच्या वरची, हातात चार दिवस, आणि गावाला आजी-आजोबा वाट बघत बसलेले नसतील, तर एकदा तरी सागरी रस्ता.

या मे महिन्यात आम्ही कोल्हापूर आणि सागरी रस्ता दोन्ही जोडतोय. जाताना आईंना घेऊन फोंड्याने उतरणार. त्या जूनपर्यंत गावालाच राहतील. येताना आम्ही चौघं रत्नागिरीपर्यंत हायवेने, मग गणपतीपुळे, जयगडहून बोटीने तवसाळ, हेदवी, गुहागरला मुक्काम आणि चिपळूणला पुन्हा हायवे. डिकीत आंब्याच्या चार पेट्या असतील, म्हणून मुलाने आत्ताच सांगून ठेवलंय की पेटी त्याच्या पायाखाली ठेवायची नाही. गुहागरच्या काकूंना फोन झालाय: चार माणसं, एक शाकाहारी.