बोअरच्या मोटारीचा रोटर: डायकास्ट ॲल्युमिनियम की ब्रेझ केलेलं तांबं?

सोलापुरात अक्कलकोट रोडवर किंवा चिंचोळीत छोटं वर्कशॉप टाकून ३ ते १५ एचपीच्या मोटारी बांधायच्या म्हटलं, की स्टेटरचं, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागाचं, गणित लवकर बसतं. घोडं अडतं ते रोटरपाशी, म्हणजे आत फिरणाऱ्या भागापाशी. राजकोट-कोइमतूरकडून तयार डायकास्ट रोटर (खाचांत वितळलेलं ॲल्युमिनियम दाबाने ओतलेला) मागवायचा, की नुसती स्टॅम्पिंग (खाचा पाडलेल्या पत्र्याच्या चकत्या) आणून खाचांतल्या तांब्याच्या सळया दोन टोकांच्या रिंगांना इथेच ब्रेझ करायच्या, म्हणजे काडी वितळवून जोडायच्या?

पाणी भरलेल्या मोटारीपुरता हा प्रश्न फारसा उरत नाही. तिथे रोटर पाण्यातच फिरतो आणि ॲल्युमिनियमला पाणी खातं, म्हणून तांबंच घालावं. तेल भरलेली मोटार, मोनोब्लॉक (पंप आणि मोटार एकाच शाफ्टवर) आणि मागाची मोटार यांच्यासाठी मात्र दोन्ही वाटा खुल्या आहेत.

विजेच्या हिशेबात तांबं सरळ पुढे आहे. तेवढाच रोध ठेवायचा तर ॲल्युमिनियमला साधारण १.६ पट छेद लागतो. वजन मात्र तांब्याच्या निम्मंच भरतं. स्टॅम्पिंग तेच ठेवून तांबं घातलं, तर ४ टक्क्यांची स्लिप (स्टेटरच्या फिरत्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा रोटर जितका मागे पडतो ते) अडीचच्या आसपास येते. ५ एचपीच्या, म्हणजे ३.७ किलोवॅटच्या मोटारीत रोटरमध्ये जळणारे सुमारे १५५ वॅट ९५ वर येतात. हवा ४० अंशांची धरून मोटारीचं डिझाइन करतात आणि सोलापूरचा मे महिना त्याच्याही वर जातो, हे लक्षात घेतलं तर मोनोब्लॉकला हे ६० वॅट किरकोळ नाहीत.

पण सुरुवातीचा जोर ॲल्युमिनियमचा. रोटरचा रोध जास्त म्हणून चालू होतानाचा टॉर्क जास्त आणि करंटचा झटका थोडा कमी. चादरीच्या मागाची मोटार दिवसभर थांबते आणि सुटते. तिला डायकास्टच शोभतो. रिंगेवरचे पंखेही त्याच ओतकामात फुकट मिळतात. शंभर रोटर एकसारखे हवे असतील तर डायकास्टला तोड नाही. सळया ठोकून आणि गॅस मारून त्या वेगाशी कोण बरोबरी करणार? भावाचं तर बोलायलाच नको.

एवढं असूनही बोअरसाठी पारडं तांब्याकडे झुकतं, आणि त्याचं कारण स्लिप नाही. कारण आहे ओतकामातली पोकळी, जी बाहेरून दिसत नाही.

ॲल्युमिनियम गोठताना सहा टक्क्यांच्या आसपास आकसतं. स्टॅम्पिंगचा गठ्ठा नीट तापवलेला नसेल, पत्र्यावर पंचिंगचं तेल राहिलं असेल किंवा डायच्या हवा जायच्या वाटा बुजल्या असतील, तर एखादी सळई मध्येच पोकळ राहते. वरून रोटर चकचकीत. लेथवर टर्निंग झालं की आणखीच देखणा. बेंचवर मोटार बिनलोड फिरते, आवाज नाही, ॲम्पिअर बरोबर. पूर्ण लोड आला की काट्याच्या ॲमीटरचा काटा सेकंदाला चारेक वेळा लुकलुकायला लागतो. ५० हर्ट्झचे ४ टक्के म्हणजे २, त्याची दुप्पट ४: ही तुटक्या सळईची खूण. फीडरवर व्होल्टेज ४१५ चं ३३० झालं की टॉर्क ६३ टक्क्यांवर येतो. मग शेजारच्या धड सळया जास्त करंट ओढतात, तापतात आणि एकेक करून तुटतात. तोवर मोटार मोहोळ-मंगळवेढ्याकडे बोअरमध्ये खोल उतरलेली असते. पाइप काढायचा, घोडा (मोटार वर ओढायची तिपाई) लावायचा, माणसं बोलवायची, आणि शेतकऱ्याची पाण्याची पाळी गेली ती गेलीच. वर काढल्यावरही त्या रोटरला दुरुस्ती नाही. शाफ्ट दाबून काढा आणि उरलेलं भंगारात.

तांब्याच्या रोटरमध्येही सांधे निसटतात, पण ते डोळ्यांसमोर असतात. १८ सळयांचे दोन्ही बाजूंचे मिळून ३६ सांधे. प्रत्येकाभोवती भरणीची, म्हणजे वितळलेल्या काडीची, कडी पूर्ण फिरली आहे का, ते बॅटरी धरून पाहता येतं. राहिला तर त्याच संध्याकाळी पुन्हा गॅस मारता येतो.

काम मात्र मन लावून करावं लागतं. रिंगेचं भोक सळईपेक्षा ०.१ मिमी मोठं ठेवावं. त्याहून ढिलं ठेवलं तर भरणी आत न चढता गळून जाते. तांब्याला तांबं जोडायला चांदी असलेली फॉस्फरस-कॉपर काडी घ्यावी, फ्लक्स (सांधा साफ ठेवणारी पावडर) लागत नाही. हीच काडी लोखंडाला लावू नये, सांधा ठिसूळ होतो. आधी रिंग तापवायची, सळई नंतर. नवखा हात सळईच्या टोकावरच ज्योत धरतो. काडी वितळून तिथेच गोळा होते आणि खाली रिंग कोरडी राहते. जाड रिंगेला समोरासमोर दोन गॅस टॉर्च लागतात. लाल झाल्यावर पाण्यात बुडवू नये, आपोआप निवू द्यावं. सळई खाचेत हलत असेल तर वरून पंच मारून घट्ट करावी, नाहीतर कंपनाने ती रिंगेच्या मुळाशीच तुटते.

जुन्या डायकास्टच्या जागी तांब्याचा रोटर बसवणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. २८८० चे आरपीएम २९२५ झाले, तर पंपाची ताकदीची मागणी वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे सुमारे ५ टक्के. आधीच काठावर चालणारी मोटार त्यामुळे ओव्हरलोड होते. इम्पेलर (पंपाचं फिरणारं चाक) लेथवर थोडा टर्न करून ॲम्पिअर नेमप्लेटवरच्या आकड्याखाली आणावेत.

आणि डायकास्टच घ्यायचा असेल, तर दोन तपासण्या कराव्यात. ओतण्याआधीच्या गठ्ठ्याचं वजन मागून घ्यावं. खाचा आणि रिंगांचं घनफळ गुणिले २.७, एवढं ॲल्युमिनियम रोटरमध्ये भरायला हवं. कमी भरलं तर पोकळी आहे. दुसरी, स्टेटरच्या दोन टोकांना व्हेरिॲकवरून (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवरून) ६० व्होल्टच्या आसपास देऊन रोटर हाताने सावकाश फिरवावा. एका फेरीत करंट तीन टक्क्यांहून जास्त हलला तर तो रोटर परत पाठवावा. वजन बरोबर, काटा स्थिर आणि तरीही स्लिप जास्त दिसत असेल, तर भट्टीत पिस्टनचं भंगार पडलं असावं. त्यातल्या सिलिकॉनमुळे ओतकाम सुरेख वाहतं, पण वीज वाहून न्यायला ते शुद्ध ॲल्युमिनियमच्या जवळपासही पोचत नाही.